‘प्रोफोटोत सेव्ह करा, रंग वाढतील’ या सल्ल्याचा प्रतिवाद

छायाचित्रं काढणाऱ्यांमध्ये एक संदेश गेले काही दिवस हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ‘एसआरजीबी जुनाट आहे. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवा. जुन्या जेपेगना प्रोफोटो प्रोफाइल लावा, रंग खुलतील. फोटो द्यायचा तोही प्रोफोटोतच द्या. आणि कुठे बदलावाच लागला तर परसेप्च्युअल निवडा, बाकी आपोआप होतं.’ यातल्या एसआरजीबी, अ‍ॅडोबी आरजीबी आणि प्रोफोटो या कलर स्पेस आहेत, म्हणजे फोटोत किती रंग मावतील हे ठरवणाऱ्या चढत्या आकाराच्या जागा. फोटो कोणत्या जागेतला आहे हे सांगणारी फाइलमधली नोंद म्हणजे प्रोफाइल, आणि परसेप्च्युअल ही एका जागेतले रंग दुसरीत नेण्याची एक पद्धत. हा संदेश वाचून नवशिके आपले चांगले फोटो बिघडवत आहेत, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

सुरुवात ‘रंग खुलतील’पासून करतो, कारण बाकीचा गैरसमज त्यातूनच आला आहे. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. ते आकडे कसे वाचायचे हे कलर स्पेस सांगते. एसआरजीबीतला सर्वांत भडक लाल म्हणजे २५५, ०, ०. तोच लाल अ‍ॅडोबी आरजीबीत साधारण २१९, ०, ० असा लिहिला जातो आणि प्रोफोटोत साधारण १७९, ७०, २६ असा. आकडे तीन प्रकारचे, रंग एकच. आता फोटोशॉपमध्ये ‘असाइन प्रोफाइल’ वापरून एसआरजीबी फोटोला प्रोफोटो लावलं, की आकडे तेच राहतात पण त्यांचा अर्थ बदलतो. फोटो एकदम भडक होतो, चेहरे तांबूस-नारिंगी दिसू लागतात. हेच ‘खुलणं’! त्यात नवा रंग एकही नाही, फक्त वाचन चुकलेलं आहे. ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ केलं तर आकडे बदलतात आणि रंग जागेवर राहतो. पण त्यानंही काही वाढत नाही. जेपेग तयार होतानाच जे रंग कापले गेले ते गेलेच. तांब्यातलं पाणी घागरीत ओतलं म्हणून वाढत नाही.

उलट नुकसान होऊ शकतं. ८ बिटच्या फाइलमध्ये (साधी जेपेग तशीच असते) लाल, हिरवा आणि निळा अशा प्रत्येक चॅनलला २५६ पायऱ्या असतात, कलर स्पेस कोणतीही असो. तेवढ्याच पायऱ्या मोठ्या जागेत पसरल्या की दोन पायऱ्यांमधलं अंतर वाढतं. प्रोफोटोचे हिरवा आणि निळा हे दोन मूळ रंग तर माणसाच्या डोळ्याला दिसूच शकत नाहीत, म्हणजे काही पायऱ्या अशा रंगांवर खर्च होतात जे अस्तित्वातच नाहीत. मग संध्याकाळच्या आकाशात सलग छटेऐवजी पट्टे उमटतात. प्रोफोटो वाईट नाही. रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या कच्च्या फाइलवर, १६ बिटमध्ये काम करताना मी स्वतः तीच वापरतो. ८ बिटमध्ये मात्र तिला हात लावू नये.

‘कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवा.’ रॉ काढत असाल तर या सेटिंगनं रॉमधल्या आकड्यांना धक्का लागत नाही. रॉला कलर स्पेस नसतेच, ती पुढे संगणकावर ठरते. फरक पडतो तो कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या हिस्टोग्रामला, म्हणजे उजेडाच्या वाटपाच्या आलेखाला, कारण तो रॉ फाइलच्या आतल्या छोट्या जेपेगवरून काढलेला असतो. एसआरजीबी ठेवल्यास लाल चॅनल जरा लवकर ओसंडलेला दिसतो, एवढंच. थेट जेपेग काढत असाल आणि पुढे चांगल्या प्रिंटरवर छापणार असाल तर अ‍ॅडोबी आरजीबीचा खरा फायदा आहे. तिचे लाल आणि निळा मूळ रंग एसआरजीबीचेच आहेत, वाढ आहे ती हिरव्या टोकाला. त्यामुळे उथळ समुद्राचं पाणी किंवा गर्द पालवी यांत फरक दिसतो, चेहऱ्यांत नाही. त्वचेचे रंग एसआरजीबीत आरामात मावतात.

एसआरजीबी जुनी आहे, हे मान्य. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टनं ती १९९६मध्ये काचेच्या जाडजूड मॉनिटरसाठी मांडली, १९९९मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. आज डिस्प्ले पी-३ या तिच्याहून मोठ्या कलर स्पेसचे पडदे कितीतरी फोनांवर आहेत. तरीही प्रोफाइल नसलेला फोटो वेबवर एसआरजीबी समजूनच वाचला जातो, आणि वाटेत प्रोफाइल गळून पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. वरचा लाल आठवा: प्रोफोटोतला १७९, ७०, २६ हा आकडा एसआरजीबी म्हणून वाचला तर समोर विटकरी तपकिरी येतो. मी एकदा एका लग्नाचे फोटो अ‍ॅडोबी आरजीबीत दिले होते. अल्बम छापणाऱ्यानं प्रोफाइल वाचलंच नाही आणि सगळी माणसं आजारी दिसू लागली. तेव्हापासून समोरच्यानं वेगळं काही मागितलं नसेल तर शेवटची प्रत एसआरजीबीतच, आणि प्रोफाइल आत जोडून. ते जोडायला जेमतेम तीन किलोबाइट लागतात.

राहिला परसेप्च्युअलचा मुद्दा, आणि तो सर्वांत कमी जणांना ठाऊक असतो. प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये परसेप्च्युअलसाठी वेगळे तक्ते (कोणता रंग कशात बदलायचा याचे) असतात, त्यामुळे तिथे सगळे रंग मिळून-मिसळून आत सरकतात. नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये मात्र तसे तक्ते नसतात, फक्त मॅट्रिक्स, म्हणजे रंग बदलण्याचं साधं गणिती कोष्टक, असतो. तिथे परसेप्च्युअल निवडलं तरी एसआरजीबीत न मावणारे रंग सरळ कापले जातात. लाल गुलाबावर हे लगेच दिसतं: पाकळ्यांच्या घड्या पुसल्या जातात आणि लाल रंगाचा एक सपाट डाग उरतो. म्हणून बदलण्याआधी सॉफ्ट प्रूफ (बदलल्यावर फोटो कसा दिसेल याची पडद्यावरची झलक) एसआरजीबीवर लावा, गॅमट वॉर्निंग (न मावणारे रंग दाखवणारी खूण) चालू करा, आणि जिथे ती दिसते तेवढ्याच भागाचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, घड्या परत दिसेपर्यंत हातानं उतरवा.