आधी मीटर लावा, मग भोक पाडा!

"काही व्हत नही भो" हे गॅरेजवाल्यांचं वाक्य मला आता कुणी ऐकवू नका. परवा कन्नडचा घाट उतरताना कापसाच्या ट्रकमागे रांगत होतो. चौथ्यांदा ब्रेक दाबला आणि पेडल दगड! हँडब्रेक खेचून गाडी थांबली तेव्हा ट्रकच्या फळीत आणि माझ्या बंपरमध्ये वीतभर जागा उरली होती. शेजारी बायको बसलेली. अजून गाडीत बसायला तयार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

गाडी एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी. दोन एसयू कार्बोरेटर काढून एक वेबर ४५ बसवला, कॅमही गरम, म्हणजे झडपा जास्त उघड्या ठेवून ताकद वाढवणारा टाकला. ते माझ्याच सांगण्यावरून झालं. पण जुन्या मॅनिफोल्डवर (कार्बोरेटरपासून इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा फाटेदार पाइप) दोन्ही कार्बोरेटरना जोडणारी बॅलन्स नळी होती, ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम, म्हणजे इंजिनाची ओढ, तिथून मिळायचा. ती गेली. मग कारागिराने काय केलं? वेबरच्या मॅनिफोल्डच्या एका पायाला, म्हणजे फाट्याला, भोक पाडून नळी खोचली. वर त्याच नळीला टी मारून ठिणगीची वेळ सांभाळणारा डिस्ट्रिब्यूटरही तिथेच जोडला! अरे, या इंजिनाला इनलेटची दारं दोनच. एकातून पहिला-दुसरा सिलिंडर श्वास घेतो, दुसऱ्यातून तिसरा-चौथा. एकाच पायावर नळी म्हणजे अर्ध्या इंजिनाचा व्हॅक्यूम, तोही धक्क्याधक्क्याने.

शेवटी मीच व्हॅक्यूम मोजणारा गेज लावला. धडधाकट इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच ओढतं. माझं ८, आणि काटा ताप भरल्यासारखा थरथरत होता. इतके महिने एकाही गॅरेजात कुणी गेज लावून बघितला नाही!

सल्ले मात्र ढीगभर. एक म्हणे, कार्बोरेटरच्या वरच्या भोकातून घ्या. ते भोक थ्रॉटलच्या झडपेच्या वर, आयडलिंगला तिथे काहीच नसतं. दुसऱ्याने सरळ नवा बूस्टर विकायला काढला. तिसरा म्हणे, आमच्या जुन्या अँबेसिडरला कुठे बूस्टर होता? नव्हता, म्हणून पायाला पहिल्यापासून जोर लावायची सवय होती. हलक्या पेडलची सवय लागलेल्या पायाला उतारावर अचानक पेडल दगडासारखं लागलं तर काय करायचं?

आणि सगळ्यात संताप कशाचा, तर हीच माणसं दिवसभर डिझेल गाड्या खोलतात. डिझेलला थ्रॉटलवर व्हॅक्यूम मिळत नाही म्हणून वेगळा पंप असतो, कितीतरी गाड्यांत अल्टरनेटरच्याच पाठीवर. तेलाची एक नळी द्यायची, एक परत चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) आणायची, की इंजिनाचा कॅम कसाही असो, ब्रेकला त्याचं देणंघेणं नाही. रोज हाताखालून जाणारी वस्तू, पण एकाच्याही डोक्यात आली नाही.

ते भोक मी काल आटे पाडून, बोल्ट ठोकून बुजवलं. डिस्ट्रिब्यूटरची नळी वेगळी केली. पंप बसेपर्यंत गाडी शेडबाहेर निघणार नाही, आणि गेज न आणता येणाऱ्याला मी बॉनेट उघडू देणार नाही.