भावा, खंजीर घेतलास. आता त्याची निगा ऐक

भावा, अभिनंदन! पन्हाळ्याला गेला होतास झुणका-भाकर खायला आणि परत आलास खंजीर घेऊन. लाल मखमलीचं म्यान, पितळी मूठ आणि पात्यावर लेसरनं कोरलेली शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा. 'प्रतिपच्चंद्रलेखेव'मधला एक 'च' यंत्रानं गिळलाय, पण तेवढं जवळ जाऊन कोण वाचतंय? स्टेटसला तर पाचशे जणांनी 'नाद खुळा' म्हणून झालंय. आता प्रश्न एवढाच, की वस्तू टिकवायची कशी.

सगळ्यात आधी एक पथ्य. मुद्रा पात्यावर कशाला, असा विचार चुकूनही मनात आणू नकोस. मुद्रा कागदावर उमटवायची असते, म्हणून ठशावर अक्षरं उलटी कोरतात, म्हणजे कागदावर ती सुलटी येतात. तुझ्या पात्यावर ती सुलटीच आहेत. शाई लावून दाबलंस तर सगळं उलटं येईल. पण आपल्याला कुठं काही उमटवायचंय? आपल्याला दिसायचंय. २०२२ मध्ये नौदलानंसुद्धा आपल्या नव्या ध्वजावर राजमुद्रेवरून सुचलेला अष्टकोन घेतला. त्यांच्याकडे विक्रांत आहे, तुझ्याकडे बुलेट. फरक फार नाही.

ती मुद्रा ज्या जुन्या पत्रांवर आहे, त्यातलं १६४६ सालचं रांझ्याच्या पाटलाचं पत्र तर अजिबात वाचू नकोस. गावचा पाटील, हातात सत्ता, बाईशी बदअंमल, म्हणजे अत्याचार, केला आणि महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले, पाटीलकी काढून घेतली. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर गाड्या आडव्या लावून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींकडे बघत बसणाऱ्या मंडळींत हा विषय काढला, तर बैठकीचा मूड जातो. त्यापेक्षा फक्त मुद्रा दाखवावी. मुद्रेला मजकूर नसला की ती कुठल्याही कमरेला शोभते.

आता निगेचं. जाणकार सांगतील की पातं म्यानात ठेवू नये. कातडं आणि मखमल ओल धरून ठेवतात. त्यात कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल लोखंडाला आतल्या आत खातात. म्हणून पातं कोरडं पुसावं, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा आणि सुती कापडात गुंडाळून म्यानाशेजारी ठेवावं. हे सगळं खरं आहे, पण मग ते 'सर्रकन्' उपसायचं काय करणार? रील कशाचं काढणार? तेव्हा तू म्यानातच ठेव. पावसाळ्यात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, घरातल्या पापडांनासुद्धा ओल लागली, तरी म्यानातच ठेव. दसऱ्याला उपसशील तेव्हा पात्यावर तांबूस नक्षी आलेली असेल. तिला गंज म्हणायचं नाही, शिवकालीन झळाळी म्हणायचं.

खंडेनवमीला पूजा तर जोरात झालीच पाहिजे. ओलं गंध लाव, हळद-कुंकवाचे ठसठशीत पट्टे ओढ, टोकात लिंबू खोच आणि तसंच रात्रभर पाटावर राहू दे. लिंबाचा रस पोलादाला काय करतो, ते सकाळी लिंबू काढल्यावर कळेल: टोकाला बोटभर करडा-काळा डाग, वर खडबडीत. घासून तो जात नाही आणि जाईपर्यंत घासलंस तर मुद्राही त्याच्यासोबत जाते. आजी पूजा झाल्या झाल्या विळी पुसून ठेवते, म्हणून ती तीस वर्षं टिकली. पण आजीच्या विळीवर कुठं मुद्रा आहे? मुठीचं पितळ मात्र चिंचेनं घास, धुऊन कोरडं कर, एवढंच. ते गरीब असतं.

सगळ्यात अवघड काम वाढदिवसाचं. मध्यरात्री, भर चौकात, बुलेटच्या सीटवर ठेवलेला केक. खंजीर त्यात मुठीपर्यंत घुसतो आणि बाहेर येतो तेव्हा अष्टकोनाच्या आठही कोपऱ्यांत पायनॅपल क्रीम भरलेलं असतं. 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता'च्या जोडाक्षरांतून ते काढायला जुना टूथब्रश घ्यायचा. हे काम दादांच्या हाताखालच्या पोरांकडे द्यायचं असतं. दादांचा फ्लेक्स लागलाय, त्यांनी ब्रश धरलेला बरा दिसत नाही.

एक सावधगिरी: तालमीत मर्दानी खेळ शिकवणाऱ्या एखाद्या वस्तादांसमोर हा खंजीर नेऊ नकोस. ती माणसं विचित्र असतात. पात्याकडे बघतच नाहीत, आधी तुझ्या पायांकडे बघतात आणि विचारतात, "पवित्रा येतोय का? लाठी फिरवतोस?" त्यांची शस्त्रं खेळ झाला की पुसून जागेवर जातात, त्यांचा फोटोही निघत नाही. असल्या लोकांमुळे संस्कृती मागं पडते.

राहता राहिला कायदा. शस्त्र नियमांच्या यादीत खंजिराचं नावच आहे. शिवाय घरकामाचे किंवा शेतीचे नसलेले, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरेही त्यात येतात. त्यात जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश असेल आणि तू कमरेला लावून मिरवणुकीत शिरलास, तर "साहेब, ही राजमुद्रा आहे" एवढं सांगून भागत नाही. केकचा व्हिडिओ तूच टाकलेला असतो, त्यामुळे पुरावा शोधायला पोलिसांना फार लांब जावं लागत नाही.

म्हणून तेल आजच लाव, अगदी मुठीच्या सांध्यापर्यंत. पंचनामा होताना हवालदार टेप लावून पात्याची लांबी-रुंदी लिहितील, वर्णनात 'पात्यावर संस्कृत अक्षरे' असं येईल. मग वस्तू कागदात गुंडाळून, दोरा बांधून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून गाठीवर लाखेचं सील ठोकतील. ते सील मात्र सुलटं उमटतं. आणि खटला उभा राहीपर्यंत मुद्देमालाच्या खोलीत तेल लावायला कुणी येत नाही.