'फ्रीजमध्ये ठेवणं हे काय शास्त्र झालं?' : 'स्पष्टवक्ता' यांना उत्तर

ब्रिटनमधल्या यूके बायोबँकेवर (संशोधनासाठी माणसांच्या रक्त-लघवीचे नमुने गोठवून जपणारी संस्था) मी लिहिलेल्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. सगळेच काही खाली जाऊन वाचत नाहीत, म्हणून सारांश देते. लेख म्हणजे जाहिरात आहे. माणसं इंग्रजी संमतीपत्रावर न वाचता सह्या करतात आणि त्यांच्या रक्तावर औषध कंपन्या गबर होतात. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई आदिवासींचं काय झालं ते लेखिकेने सोयीस्करपणे टाळलं. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्कासारख्या वैद्यकीय संस्थेतही नमुने वितळले, मग एवढ्या खर्चाचा आणि विजेचा उपयोग काय? आणि शेवटी, जसंच्या तसं देते: "नुसतं फ्रीजमध्ये ठेवणं हे काय शास्त्र झालं? आमच्या घरीही मटार वर्षभर टिकतात. मॅडम, निवृत्तीनंतर वेळ जात नसेल तर नातवंडं सांभाळा."

मला नातवंडं आहेत. सांभाळतेही. त्यातलं एक आत्ता हे टाइप करताना माझ्या मांडीवर बसलंय. त्यामुळे तो सल्ला वाया गेला असं समजा.

स्पष्ट बोलण्याला माझी हरकत नाही. पॅथॉलॉजीत आयुष्य गेलं माझं, सर्जनची बोलणी खाल्ली आहेत, तुमची काय मोठी? पण स्पष्टवक्ता स्वतःचं नाव लपवत नाही, एवढी माझी जुनी समजूत होती. मी माझ्या नावाने लिहिते, फोटोसकट. तुम्ही पडद्याआडून एका बाईला तिच्या वयाची आठवण करून देता आणि वर 'स्पष्टवक्ता सुखी भवेत' म्हणून मोकळे होता. असो.

विजेचा मुद्दा मात्र रास्त आहे. एक जुना मायनस एटी (उणे ऐंशी अंशांचा) फ्रीजर छोट्या घराइतकी वीज खातो आणि माझ्या लेखात त्यावर अवाक्षर नव्हतं. हे मी मोकळेपणाने मान्य करते, म्हणजे बाई हट्टी आहे असं कुणी म्हणायला नको.

आता मटार.

घरचे मटार वर्षभर टिकतात, कारण तुमच्या घरात कुणीतरी ते आधी उकळत्या पाण्यातून काढतं, कोरडे करतं, मग पिशवीत भरतं. (हे काम तुम्ही करत नसाल, अशी मला दाट शंका आहे.) ते उकळतं पाणी कशासाठी? दाण्यातली एन्झाइम मारायला. मायनस अठराला एन्झाइम थांबत नाहीत, फक्त मंदावतात. न उकळता भरलेले मटार काही महिन्यांत रंगाने आणि चवीने उतरतात. रक्ताला काही उकळत्या पाण्यातून काढता येत नाही. ज्या प्रथिनांसाठी ते ठेवायचं, तीच मरतील. शिवाय घरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज बर्फ साठू नये म्हणून अधूनमधून आतला हीटर चालू करतो. मटारांना त्याने फरक पडत नाही. सीरमला, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्याला, पडतो.

म्हणून मायनस ऐंशी. तिथे एन्झाइमचं काम जवळजवळ ठप्प होतं. पण जिवंत पेशी दीर्घकाळ ठेवायच्या तर तेही पुरत नाही. साधारण मायनस एकशे पस्तीसच्या खाली पाणी काचेसारखं घट्ट होतं आणि रेणूंची हालचालच उरत नाही. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन, मायनस १९६. पेशी त्यात थेट बुडवल्या तर आतल्या पाण्याचे स्फटिक होऊन त्या फुटतात. आधी डीएमएसओ (पेशींना गोठण्यापासून जपणारं रसायन) घालायचं आणि मिनिटाला एक अंश या संथ गतीने गार करत न्यायचं. नमुने शक्यतो द्रवात बुडवत नाहीत, वरच्या वाफेत ठेवतात. याचं कारण लंडनमधल्या एका घटनेत आहे. १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली: एकाच टाकीत ठेवलेल्या अस्थिमज्जेच्या पिशव्यांमधून हिपॅटायटिस बी एका रुग्णाकडून दुसऱ्यांकडे गेला होता. एवढ्या थंडीत माणूस क्षणभर टिकणार नाही, विषाणू मात्र मजेत होता. आणि त्या खोलीत शिरायचं तर भिंतीवर ऑक्सिजनचा सेन्सर हवा, कारण एक लिटर द्रव नायट्रोजन सांडला की त्याचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. तुमच्या स्वयंपाकघरात मटार काढताना असा सेन्सर बघून आत जात असाल तर कळवा.

पण हे सगळं सोपं आहे हो. पैसे असले की फ्रीजर विकत मिळतो. अवघड असतो तो रक्त सुईतून बाहेर आल्यापासून फ्रीजरचं दार उघडेपर्यंतचा वेळ. तुमच्या वाक्यातला 'नुसतं' हा शब्द मला झोंबला तो इथे.

माझ्या नोकरीतली एक सकाळ सांगते. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही. रात्री वॉर्डातून एक सॅम्पल उशिरा आलं. ड्यूटीवरच्या मामांनी चांगल्या मनाने ती नळी फ्रीजमध्ये ठेवून दिली, तशीच, सेंट्रिफ्यूज न करता, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या न करता. सकाळी कुणीतरी ती फिरवली आणि मशीनवर लावली. पोटॅशियम ७.९. रेसिडेंट डॉक्टर मुलगी धावत खाली आली. तिचा चेहरा पांढराफटक, कारण ७.९ म्हणजे हृदय कधीही थांबू शकतं. मी नळी उजेडात धरून बघितली. वरचं सीरम स्वच्छ, पिवळं, गवताच्या काडीच्या रंगाचं. लाल पेशी फुटल्या असत्या तर ते गुलाबी दिसलं असतं. दिसत नव्हतं, म्हणून तर सगळे फसले होते. गारव्यात लाल पेशींमधला पंप बंद पडतो आणि पेशी न फुटता पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं. "रिपीट पाठव, तोवर काही देऊ नकोस," एवढंच मी म्हटलं. ती आधी ईसीजी काढायला पळाली, ते बरंच केलं. ताज्या सॅम्पलमध्ये ४.२ आलं.

त्या माणसाच्या रक्तात काही बिघडलं नव्हतं. रक्त 'नुसतं फ्रीजमध्ये' ठेवलं होतं.

हेच नळीच्या टोपणाचं. जांभळ्या टोपणात ईडीटीए असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. डीएनएसाठी उत्तम, पण त्याच नळीत कॅल्शियम मोजायला गेलात तर माणूस कागदावर मेलेला दिसेल. हिरव्यातलं हेपॅरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राला) नडतं. न फिरवलेल्या रक्तात पेशी साखर खात बसतात, म्हणून ग्लुकोज तासागणिक उतरतं. आरएनए तर त्याहून नाजूक, त्याला वेगळीच नळी. नमुना वितळवून परत गोठवला की दर वेळी काहीतरी जातं, म्हणून एकाच मोठ्या नळीऐवजी पहिल्याच दिवशी छोटे छोटे अलिक्वॉट, म्हणजे वाटे, करून ठेवायचे. ज्याला एक थेंब हवा, त्याच्यासाठी सगळं वितळवायचं नाही.

यूके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या पाच लाख माणसांकडून प्रत्येकी सुमारे ४५ मिलिलिटर रक्त आणि थोडी लघवी घेतली. अर्थात एका नळीत नाही. नळ्या रात्रीतून स्टॉकपोर्टच्या प्रयोगशाळेत जायच्या. बहुतेक ४ अंशांवर, पण एक नळी १८ अंशांवर, कारण तिच्यातल्या पेशी जिवंत पोचवायच्या होत्या. कुठल्या नळीला थंडी सोसेल आणि कुठल्या नळीला नाही, हे पहिला माणूस बाही वर करायच्या आधी चाचण्या घेऊन ठरवलेलं होतं. तिथे प्लाझ्मा, बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर), लाल पेशी, सीरम वेगळे करून छोट्या नळ्यांत भरले, प्रत्येक नळीला बारकोड. एक साठा मायनस ऐंशीला, जिथून यंत्रमानव हवी तीच नळी काढतो. दुसरा द्रव नायट्रोजनवर, वेगळ्या ठिकाणी. एक जळालं तर दुसरं उरावं म्हणून.

आता हे शास्त्र झालं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी आपली नातवंडं सांभाळते.

'उपयोग काय' असंही विचारलंत. अमेरिकन लष्कर सैनिकांची एचआयव्ही तपासणी करायचं आणि उरलेलं सीरम गोठवून ठेवायचं. वीस वर्षांत एक कोटीहून जास्त सैनिक. त्यातल्या ९५५ जणांना पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार झाला. संशोधकांनी मागे जाऊन, आजार व्हायच्या कितीतरी आधीचं त्यांचं सीरम तपासलं. पुरेसे नमुने मिळालेल्या ८०१ जणांपैकी ८०० जणांना आजार सुरू होण्याआधी एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झालेला होता. संसर्गानंतर धोका ३२ पट. हे २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलं. आजारी पडल्यावर काढलेल्या रक्तातून हे कधीच कळलं नसतं, कारण कोण आधी आणि कोण नंतर ते त्यात दिसत नाही.

आणि प्रत्येक वेळी फ्रीजरच लागतो असंही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मेलेल्या अमेरिकन सैनिकाच्या फुफ्फुसाचा तुकडा फॉर्मालिनमध्ये घालून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला होता. साध्या कपाटात पडून. १९९७ साली टॉबेनबर्गर या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून त्या विषाणूच्या आरएनएचे तुकडे काढले. त्याच साथीने मुंबईत घरंच्या घरं रिकामी केली. आपल्याकडे तेव्हा असा एखादा ब्लॉक जपला गेला असता तर, हा विचार ब्लॉक कापत बसलेल्या माझ्यासारखीच्या मनात येतोच.

कॅरोलिन्स्काचं तुम्ही शोधून काढलंत, कौतुक आहे. पण बातमी पुढेही वाचायची होती. २०२३ च्या नाताळच्या सुट्टीत टाक्यांना नायट्रोजन पोचायचा थांबला. पुरवठा नसताना टाक्या साधारण चार दिवस तग धरतात, लक्षात येईपर्यंत पाचवा उजाडला. रक्ताच्या कर्करोगावरचे वर्षानुवर्षांचे नमुने गेले. त्याच्याही आधी, २०१२ साली, अमेरिकेत मॅक्लीन रुग्णालयाच्या मेंदूपेढीत एक फ्रीजर बंद पडला आणि दोन्ही अलार्म वाजलेच नाहीत. दीडशेच्या आसपास मेंदू वितळले. त्यातले पन्नासेक ऑटिझम असलेल्यांचे होते आणि ते परत मिळणारे नव्हते. बघा, तुमच्या बाजूचा दाखला मीच दिला, तुम्हाला तो सापडला नव्हता. माझ्याकडे अलार्म वाजलाही होता. वॉचमनने आवाजाचा त्रास होतो म्हणून बटण दाबून तो बंद केला आणि परत झोपला. सकाळी ड्राय आइससाठी मी किती फोन फिरवले ते मलाच ठाऊक. काय वाचलं आणि काय गेलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. पण त्यानंतर प्रत्येक फ्रीजरच्या दारावर माझा घरचा नंबर चिकटवलेला असायचा आणि तो मध्यरात्रीही वाजायचा. हे असलं करणाऱ्या माणसांना तुम्ही 'मटार ठेवणारे' म्हणताय, म्हणून राग येतो.

राहिलेलं पटकन. हवासुपाईंचं रक्त मधुमेहासाठी म्हणून घेतलं आणि स्किझोफ्रेनियापासून त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतरापर्यंत भलत्याच अभ्यासांना वापरलं, हे खरं. २०१० साली ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने परत गेले. माझा लेख ॲरिझोनावर नव्हता. कंपन्या पैसे भरून यूके बायोबँकेचा डेटा वापरतात, हे उघड आहे, कुणी लपवलेलं नाही. संमतीपत्राचं म्हणाल तर तिथे कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बायोबँकेवर अख्खं प्रकरण आहे, ते वाचा. लोक सही करताना वाचत नाहीत, त्याला फ्रीजर काय करणार? त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन, पण धमकावून नाही.

जाहिरातीचे पैसे कुठून मिळतात तेही सांगा, म्हणजे मी जाऊन घेऊन येते. पेन्शनमध्ये भर पडेल.

तुमची दुसरी प्रतिक्रिया काल रात्री आली आहे. ती अजून प्रसिद्ध केलेली नाही. तिच्यातला संमतीपत्राच्या भाषेबद्दलचा भाग चर्चेसारखा आहे, पण शेवटच्या ओळीतला तो शब्द माझ्या ब्लॉगवर चालत नाही. तेवढा काढून परत पाठवा, लगेच टाकते. आणि जमलं तर या वेळी नाव घाला.