कॅन धुवायचा की विसळायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ॲल्युमिनियमचे कॅन पुनर्वापरासाठी देण्यापूर्वी धुवावेत आणि चेपू नयेत, असे मी लिहिले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की हा धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, त्या आचेत आत राहिलेले पेय जळूनच जाणार, मग त्यावर चांगले पाणी कशाला ओतायचे. शिवाय न चेपलेले कॅन पोत्यात भरणे म्हणजे हवा वाहून नेणे.

पाण्याबद्दलचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. ‘धुवावेत’ हा शब्द चुकलाच. साबण, गरम पाणी, घासणी यांची काहीएक गरज नाही. घोटभर पाणी, तेही भांडी धुऊन उरलेले, आत घालून कॅन दोनदा हलवावा आणि तोंड खाली करून निथळत ठेवावा. याला आपण विसळणे म्हणतो, आणि मला तेवढेच अभिप्रेत होते.

मात्र विसळणेही अनावश्यक आहे, हे पटत नाही, कारण भट्टी ही शेवटची पायरी आहे आणि घाणीचा उपद्रव त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. तळाशी बोटभर गोड पेय राहिलेला कॅन दोन दिवस कोपऱ्यात ठेवून पाहा: झाकणाच्या कडेला चिकट काळपट कड धरते, मुंग्यांची रांग लागते, आणि तोच कॅन कागदाच्या ढिगात कलंडला की भोवतालचा कागद वाया जातो. वर्गवारीच्या पट्ट्यावर वेगाने फिरणारे चुंबक ॲल्युमिनियममध्ये विद्युतप्रवाह निर्माण करून कॅनला पुढे उडवते. रिकामा कॅन जेमतेम १३-१४ ग्रॅमचा असल्यामुळे हे सहज साधते, पण आत द्रव असला तर तो जड होऊन अलीकडेच पडू शकतो. भट्टीविषयी म्हणाल, तर ओल तिथे निरुपद्रवी नसते. वितळलेल्या धातूखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान १,६०० पटींहून अधिक वाढते आणि तप्त रस बाहेर उसळतो. म्हणूनच कॅनचे तुकडे आधी तापवून कोरडे करतात, त्याच वेळी त्यांच्यावरचा रंग आणि आतला लाखेसारखा थरही जाळतात, आणि मग ते वितळवतात; ओल जितकी जास्त, तितके इंधन जास्त.

चेपण्याबाबत मी सरसकट नियम सांगितला, ही दुसरी चूक. कॅन वेगळे साठवून थेट भंगारात देत असाल, तर खुशाल चेपा, जागा वाचते. सगळा सुका कचरा एकत्र जात असेल, तर मात्र चपटा कॅन यंत्राला कागदासारखा भासतो आणि कागदात जाऊ शकतो. रिकामा कॅन घेऊन त्यावरची अनामत रक्कम परत देणाऱ्या यंत्रात तर बारकोड वाचता येणे आवश्यक असल्याने कॅन अखंडच हवा. आणि चेपायचाच असेल, तर आधी निथळू द्या, नाहीतर द्रव घडीत कोंडला जातो.

झाकणावरची कडी अधिक शुद्ध असते, म्हणून ती तोडून साठवावी, असेही आपण सुचवले आहे. कडी आणि झाकण यांत कॅनच्या अंगापेक्षा मॅग्नेशियम जास्त असते. तेव्हा शुद्धतेचा हिशेब उलटाच आहे. सुटी कडी चाळणीतून खाली पडून हरवते. ती झाकणालाच राहू द्यावी. मूळ लेखात ‘धुवावेत’च्या जागी ‘विसळावेत’ असा बदल केला आहे, आणि चेपण्याचे वाक्य आता अटीसह दिले आहे.