संकासुर आणि कोळी

गावच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. कुणीतरी जत्रेतल्या दशावताराची क्लिप टाकली. काळ्या वेषातला संकासुर मालवणीतून भटजीची फिरकी घेतोय, लोक हसतायत. लगेच खाली, ‘देवळासमोर हा पाचकळपणा बंद करा.’ सगळ्यात पुढे माझा मामेभाऊ. लहानपणी हाच माझ्याशेजारी गोणपाटावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

मी घानाच्या राजधानीत, अक्रात, अकरा वर्षं राहतेय. इथल्या लोककथांतला क्वाकू अनान्से म्हणजे आठ पायांचा कोळी, लबाड आणि खादाड. आकाशदेव न्यामेकडच्या सगळ्या गोष्टी त्यानं अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या पकडून देऊन मिळवल्या. डुमसोरच्या, म्हणजे वीज गेलेल्या रात्री माझी लेक तो प्रसंग करून दाखवते. डोक्यावर केळीचं पान, हातात पाण्याची वाटी. ‘पाऊस आला, भोपळ्यात शिरा!’ माश्या आत शिरल्या की भोपळ्याचं तोंड गच्च बंद.

हा कोळी जुन्या गोष्टीतच अडकून राहिला नाही. घानाच्या नाटककार एफुआ सदरलँड यांच्या १९७५ च्या ‘द मॅरेज ऑफ अनान्सेवा’ या नाटकात तो कर्जबाजारी बाप आहे. चार राजांना मुलीचे फोटो धाडतो, चौघांकडून भेटी उकळतो, आणि ती पत्रं टाइप करायला बसवतो त्याच मुलीला! चौघंही मागणी घालायला निघाले म्हटल्यावर मुलगी मेल्याचं सोंग. पैशापायी माणूस काय करतो ते हसता हसता दिसतं, आणि कोळी म्हातारा होत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मामेभावाचं उत्तर आलं, ‘अनान्सेची कोण पूजा करतं? तू थंयसून आमका शिकवू नको.’

पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. संकासुराची तरी कोण करतं? तो वेद चोरणारा असुर. देवाच्याच अंगणात, देवाच्याच जत्रेत त्याला बोलायची मुभा पूर्वजांनी दिली. ती काढून घेणारे आपण कोण? दुसरं वाक्य मात्र लागलं. शेवटची जत्रा मी २०१४ साली पाहिली.

क्लिप लेकीला दाखवली. तिनं विचारलं, ‘हा त्यांचा अनान्से का गं?’

‘आपला,’ मी म्हटलं. मग विनोद समजावायला गेले तर त्यातला एक मालवणी शब्दच मला कळेना. शेवटी भांडणाच्या खालीच मामेभावाला विचारला. तिकडे रात्रीचा एक वाजून गेला होता. त्यानं लगेच अर्थ लिहून पाठवला.