गाडी बंद पडली नव्हती हो, मी बंद केली होती

आधीच सांगतो, माझी गाडी बंद पडली नव्हती, मी ती बंद केली होती. या दोन गोष्टींत फरक असतो हे मला मागच्या गाडीतल्या काकांना पाऊण तास पटवता आलं नाही, आणि आज चौथा दिवस आहे तरी कंबर आणि डोकं दोन्ही ठणकतंय.

सीएनजीची रांग. बाकी सांगायला नकोच. पुढची गाडी हातभर सरकली की सगळे चाव्या फिरवतात, हातभर जातात, परत बंद. मी म्हटलं एवढ्याशासाठी स्टार्टर कशाला मारायचा, हँडब्रेक काढला, एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराच्या चौकटीला, आणि ढकलली. स्वच्छ इंधन भरायला आलोय तर रांगेत तरी घाण नको, एवढाच विचार. (गॅसचा लाल दिवा लागला होता आणि पेट्रोलही तळाला होतं, हे खरंय, पण तत्त्व ते तत्त्व.)

मागच्या गाडीची काच चार बोटं खाली आली.

"बॅटरी गेली का?"

"नाही काका, मुद्दाम ढकलतोय."

"मग सेल्फ गेला असणार. तो आधी असाच त्रास देतो."

"अहो धूर नको म्हणून."

"सीएनजीला कुठे धूर असतो? गॅसमध्ये कार्बनच नसतो!"

आणि काच वर. कारण आत एसी चालू होता, आणि एसी चालू म्हणजे इंजिनही चालू, पूर्ण वेळ, एका जागी उभं राहून. गॅस भरायच्या रांगेत गॅस जाळत बसलेला हा माणूस मला प्रदूषण शिकवत होता. दर हातभर अंतराला काच खाली यायची, एक वाक्य बाहेर पडायचं, काच वर. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, त्याच्या रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन असतात, म्हणून पेट्रोलपेक्षा कार्बन कमी आणि काजळी जवळजवळ नाही, पण म्हणून ते तीर्थ नव्हे, इंजिन तापलं की हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइड होतातच, हे सगळं मी म्हणेपर्यंत काच वर गेलेली असायची. बंद काचेला रसायनशास्त्र सांगणारा माणूस लांबून कसा दिसत असेल याचा विचार मी मुद्दाम करत नाहीये.

परत काच खाली. "माझी बीएस सिक्स आहे. मागून जे निघतं ते श्वासात घेतलं तरी चालेल."

त्यांच्या मागचा रिक्षावाला गेला अर्धा तास तेच करत होता, त्याला कोणी विचारलं नाही. बीएस सिक्सचं, म्हणजे गाड्यांच्या धुरावरच्या सरकारी नियमांच्या सहाव्या पायरीचं, कौतुक मलाही आहे, 1 एप्रिल 2020 ला आपण पाचवी पायरी गाळून थेट चौथीवरून सहावीवर उडी मारली आणि पेट्रोल-डिझेलमधलं गंधक दशलक्षात 50 भागांवरून 10 वर आणलं, छोटी गोष्ट नाही. पण त्यात चाळीस मिनिटं इंजिन चालू ठेवायची मुभा दिलेली मी तरी वाचली नाही.

मग काकांनी दिल्ली काढली. काढणारच. "दिल्लीत सगळं सीएनजी केलं, काय झालं?" आता हे अर्धं बरोबर असल्यामुळे जास्त राग आला. 1998 ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या बस सीएनजीवर न्यायला सांगितलं, मुदत मार्च 2001 ची, आणि शेवटची डिझेल बस जायला डिसेंबर 2002 उजाडलं. बसचा काळा धूर खरंच गेला. मग इतक्या खाजगी गाड्या आल्या की विचारू नका, आणि टायर घासून उडणारी धूळ कुठल्याच इंधनाने जात नाही. हे मी एका दमात म्हणून टाकलं. काका म्हणाले, "पुढे जागा झाली बघा, ढकला."

त्या जागेत तेवढ्यात एक गाडी आडवी घुसली. ती ढकलावी लागत नव्हती ना.

आणि याच वेळी मागून हॉर्न. बस. आमची रांग बसथांब्यासमोरूनच गेलेली, त्यामुळे बसला थांब्याला लागता येईना, ती भर रस्त्यात उभी, म्हातारी माणसं गाड्यांच्या फटीतून वाट काढत चढतायत. ती बसही सीएनजीचीच. खिडकीतून एकजण ओरडला, "ओ ढकलवाले, बाजूला घ्या की!" आत साठेक माणसं, बाहेर आम्ही तेवीस गाड्या, मी मोजल्या, आणि बहुतेकीत एकच डोकं. चीनमधल्या शेन्झेन शहराने 2017 पर्यंत सोळा हजारांवर बस विजेवर नेल्या, आम्ही एक बस थांब्याला लागू देत नव्हतो, तेही पर्यावरणासाठी. मी बसने का जात नाही? कारण ती कधी येईल सांगता येत नाही. का येत नाही, ते त्या दिवशी समोरच दिसलं आणि फार वाईट वाटलं, पण रांग सोडली नाही. साडेसहाव्या नंबरवर होतो.

नंबर लागला. खाली उतरायचं असतं, मी उतरलेलोच होतो. नळी लावली, सुंईई झालं आणि थांबलं.

"प्रेशर नाय साहेब."

टाकी 200 बार दाबापर्यंत भरायला हवी, पण हा पंप डॉटर स्टेशन, मदर स्टेशनकडून सिलिंडरांची गाडी आली तर भरणार. आईकडून काही आलं नाही की लेक उपाशी, आणि लेकीच्या दारात आम्ही. आठ किलोच्या जागी तीन किलो मिळाला.

काका काच खाली करून म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो, बॅटरी चेक करा." आणि रांग सोडून पेट्रोलच्या बाजूला वळले, दोन मिनिटांत भरून निघूनही गेले, एसी चालूच.

डॅशबोर्डवर गॅसचे चार हिरवे दिवे असतात. एक लागलाय, दुसरा लुकलुकतोय. उद्या परत रांग.