'मान गेल्याचे दुःख': एका प्रतिक्रियेला उत्तर

'निपाणीकर रसिक' यांस सप्रेम नमस्कार.

आपण टोपणनावाने लिहिता आणि मी स्वतःच्या नावाने, एवढे नोंदवून पुढे जातो. कुमार गंधर्वांच्या चाहत्यांचे ऑनलाइन समूह कसे बदलत गेले, यावरील माझ्या लेखात ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१२ मध्ये बंद झाल्याचे लिहिले होते; ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. चूक माझी आहे आणि ती दाखवल्याबद्दल मी आभारी आहे. तिच्यापुढे तीन उद्गारचिन्हे मात्र लागत नव्हती.

आता आपले ते वाक्य: 'तुम्हाला संस्कृती बदलल्याचे दुःख नाही, तुमचा मान गेल्याचे दुःख आहे.' कोणता मान? २००७ च्या सुमारास नोकरीवरून सुटल्यावर मी बेळगावच्या खडेबाजारातल्या इंटरनेट कॅफेत तासाचे पैसे मोजून बसत असे आणि वडिलांच्या कॅसेटींवरच्या मैफलींची गाव, वर्ष व साथीदारांसह यादी देवनागरीत टंकत असे. त्यासाठी मला कोणी हार घातला नाही. माझ्या नोंदीत सहसा कोणी दुरुस्ती सुचवत नसे हे खरे, पण तो मान नव्हता, नोंदीतला काटेकोरपणा होता. हे त्या कॅफेत न बसलेल्याला कसे कळावे?

लेखातले म्हणणे आपण वाचले असते, तर ते माणसांच्या स्वभावाविषयी नव्हे, त्यांच्या येण्याच्या वेगाविषयी आहे हे दिसले असते. युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्यात दर सप्टेंबरला विद्यापीठांतले नवे विद्यार्थी येत, काही आठवडे गोंधळ घालत आणि जुन्यांचे पाहून रीत शिकत. इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाल्यावर ही आवक थांबेना, म्हणून १९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही असे तिथले लोक म्हणू लागले. (आपल्याकडे जिओही सप्टेंबरमध्येच आले, २०१६ च्या.) महिन्याला दहा जण येतात तेव्हा शंभर जुने त्यांना सांभाळून घेतात, आठवड्याला शंभर आले की शिकवणारेच अल्पसंख्य होतात.

त्यात जागेची रचना भर घालते. ऑर्कुटवर जुन्या चर्चा तशाच राहत. 'हा प्रश्न झालेला आहे, तिथे पाहा' असे म्हणता येई आणि नवखा चार दिवस निमूटपणे वाचून मग लिही. व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहात मात्र नव्याने आलेल्याला आपल्या येण्यापूर्वीचे काही दिसत नसे. ध्वनिमुद्रणासोबत ठिकाण आणि साल द्यावे, ही रीत त्याने पाहिलेलीच नसते, म्हणून ती त्याला तोंडाने सांगावी लागते. आणि तोंडाने सांगितलेली रीत वडीलधाऱ्यांच्या दटावणीसारखी ऐकू येते. सदस्यसंख्येची मर्यादा २५६ होती तोवर हे कसेबसे निभावले. २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. यात माझा मान कुठे आला, हे आपणच सांगावे.

जुन्या समूहात स्त्रिया क्वचितच लिहीत आणि कन्नड रसिकांना 'मराठीत लिहा' असे सुनावले जाई, हे आपले उरलेले दोन मुद्दे विषयाबाहेरचे आहेत. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे कुमारजींचे मूळ नाव कोणत्या भाषेतले आहे, हे बेळगावात जन्म काढलेल्याला निपाणीहून कळवण्याचे कारण नाही. त्यांचे जन्मगाव सुळेभावी मला जवळ आहे, आपल्याला नाही.

मी समूह सोडलेला नाही. परवा तिथे फुलांच्या 'सुप्रभात' चित्राखाली कुमारजींचे एक ध्वनिमुद्रण दुसऱ्याच गायकाच्या नावाने फिरत होते. मी नाव दुरुस्त केले आणि मैफलीचे ठिकाण लिहिले. त्यावर उत्तर आले, 'काका, एवढे मनाला लावून घेऊ नका!!!' उद्गारचिन्हे तीन होती.